पहिल्या मिनिटानंतर

काही वर्षांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या महोत्सवात मी परीक्षक होतो. विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवलेले संगणक लांबलचक टेबलांवर मांडलेले. देखणेपणाला ५० गुण, कामगिरीला ५०. चौदा यंत्रं, दोन परीक्षक आणि जेवणाआधी निकाल हवा म्हणून सारखे घड्याळाकडे बघणारे संयोजक. चौथ्या टेबलावर एक पांढरं यंत्र होतं. कॅबिनेट पांढरं, मदरबोर्ड पांढरा, वायरीही पांढऱ्या, आणि काटकोनात वळलेल्या पारदर्शक नळ्यांतून फिरणारं फिकट निळं पाणी. त्याच्यासमोर आलेला माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचा. बेंचमार्क चालवला, तर आकडाही सगळ्यांत मोठा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पहिला क्रमांक लिहून टाकला.

दुपारी बक्षिसं वाटून झाल्यावर मुलांनी हौसेनं त्याच यंत्रावर गेम लावला. वीस-पंचवीस मिनिटांत चित्र अडखळायला लागलं, पंख्यांचा आवाज चढला आणि पडदा काळा झाला. मी काचेला हात लावला तर ती चांगलीच तापलेली. समोरून हवा आत यायला वाटच नव्हती. तिथेही काच होती.

त्याच रांगेच्या टोकाला एक काळं, पत्र्याचं कॅबिनेट होतं. त्याच्या मालकिणीनं पुढचा पत्रा कापून, खिडकीला लावतात ती डासांची जाळी चौकटीत ताणून बसवली होती. देखणेपणात आम्ही तिला हात आखडूनच गुण दिले होते. जाळी का लावलीस, असं मी सकाळी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या खोलीत एसी नाही, सर." मी मान डोलावली होती आणि पुढच्या टेबलाकडे गेलो होतो.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेला दुसरा परीक्षक म्हणजे या पुस्तकाचा लेखक. परतीच्या वाटेवर तो फारसं बोलला नाही. आठवड्यानं त्याचा फोन आला. "आपण काय तपासलं ते लिहून काढलं, अर्धं पान भरलं. काय तपासलं नाही ते लिहायला बसलो, तर सात पानं झाली आहेत." त्या सात पानांचं वाढत वाढत हे पुस्तक झालं, आणि गुन्ह्यातला भागीदार म्हणून प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं: जुळवलेल्या संगणकाचं रूप आणि त्याचा वेग, दोन्ही पहिल्या मिनिटात थाप मारू शकतात. रूप उजेडाच्या आणि कोनाच्या आधारानं, तर वेग अजून थंड असलेल्या धातूच्या आधारानं. तासाभरानं मात्र दोघांचीही झाकली मूठ उघडते, कारण तोवर उष्णता कोपऱ्याकोपऱ्यात पोचलेली असते. म्हणून परीक्षकाचं पहिलं हत्यार घड्याळ. डोळे आणि बेंचमार्क त्याच्या मागून येतात.

हे रूप आणि वेग मुळात दोन वेगळ्या खात्यांत कसे गेले, ते पाहण्यासारखं आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातले बरेच भाग बाहेरच्या कंपन्यांचे आणि रचना उघडी, त्यामुळे त्याच जातीची यंत्रं इतरांनाही बनवता आली. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवून दिलं. मदरबोर्डचे स्क्रू कुठे येतील, मागच्या जोडण्यांची पट्टी कुठे असेल, एसएमपीएसचा प्लग कसा असेल, हे सगळं ठरलं. मग एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस यांचं लग्न लावायला पत्रिका जुळवावी लागेना. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवर ज्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे तिथे, भागांची यादी घेऊन दुकानं पालथी घालणाऱ्यांची एक पिढीच घडली. पण त्या काळात 'असेम्बल केलेला' म्हणजे कंपनीच्या संगणकापेक्षा स्वस्त, एवढाच अर्थ होता. तो मळक्या पांढऱ्या रंगाचा डबा टेबलाखाली सरकवायचा आणि वर मॉनिटरला क्रोशाचं आच्छादन घालायचं. डब्याच्या रूपाबद्दल बोलावं असं कोणाला वाटत नव्हतं.

ते वाटायला लागलं उष्णतेमुळे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३०० ए आला. नावाप्रमाणे ३०० मेगाहर्ट्झचा, स्वस्तातला प्रोसेसर. त्याचा गुणक ४.५ ला कुलूपबंद होता. पण मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर ४५० वर धावायचा, आणि बरेच नमुने हे निमूटपणे सोसायचे. कंपनीनं न दिलेला वेग स्वतः काढून घेण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, नाद पुष्कळांना यातून लागला. वेगाबरोबर ताप वाढला. तो बाहेर काढायला लोकांनी पत्र्याला भोकं पाडून जादा पंखे बसवले. पंखे पुरेनात तेव्हा पाणी फिरवलं: पंप मत्स्यालयाचा आणि रेडिएटरच्या जागी मोटारीच्या हीटरमधला गाभा. अमेरिकी हौशी मंडळींत जुन्या पॉन्टिॲक बॉनव्हिल गाडीचा गाभा यासाठी नावाजलेला होता. एकदा पंख्यासाठी करवत हातात आली की खिडकी कापायला कितीसा वेळ लागतो? पत्र्याच्या जागी ॲक्रिलिकचा तुकडा आला, आत निळी नळी पेटली. त्याच १९९८ साली ॲपलचा निळसर, आरपार दिसणारा आयमॅकही दुकानांत आला होता, आणि संगणकाला रंग असू शकतो हे सगळ्यांनाच कळून चुकलं होतं.

म्हणजे खिडकी पंख्याच्या भोकाची धाकटी बहीण. हौशी संगणकाचं रूप वेगाच्या पोटी जन्मलं आहे. लेखक हे दुसऱ्या प्रकरणात नीट मांडतो आणि पुढे प्रत्येक ठिकाणी त्याचा धागा धरून ठेवतो.

मग ही यंत्रं एकमेकांच्या शेजारी आली. स्वीडनमधल्या मालुंग गावात एका शाळेच्या तळघरात १९९४ मध्ये काही मुलं आपापले संगणक घेऊन जमली. त्याचीच वाढ होऊन पुढे यॉनशॉपिंग शहरात ड्रीमहॅक हा अवाढव्य मेळा भरायला लागला. अमेरिकेत टेक्ससमध्ये १९९६ पासून क्वेककॉन सुरू झालं. जड मॉनिटर आणि डबा उचलून रात्र-रात्र एका सभागृहात खेळायचं, तर आपला डबा शेजाऱ्यापेक्षा उठून दिसावा असं वाटणारच. कॅबिनेट सजवण्याच्या स्पर्धा अशाच मेळ्यांमध्ये रुजल्या. नंतर कूलर मास्टरसारख्या कॅबिनेट बनवणाऱ्या कंपनीनं जगभरच्या कारागिरांसाठी स्पर्धा चालवली आणि त्यात तयार कॅबिनेटवर काम केलेली यंत्रं वेगळी, तर कोऱ्या पत्र्यापासून घडवलेली वेगळी अशी वाटणी केली. ही वाटणी शहाणपणाची आहे. सोनाराला आणि दागिने गाठवणाऱ्या पटव्याला एकाच तराजूत घालू नये.

आज परीक्षणाच्या तीन परंपरा दिसतात, आणि आपल्याकडच्या महाविद्यालयीन स्पर्धांचा घोळ त्यांची सरमिसळ केल्यानं होतो. पहिली विक्रमवीरांची. प्रोसेसरवर तांब्याचं भांडं ठेवून त्यात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओतायचा आणि काही सेकंदांपुरता अचाट वेग गाठायचा. तिथे कॅबिनेटच नसतं. बोर्ड टेबलावर उघडा पडलेला, भोवती चिंध्या आणि वाफ. दुसरी कारागिरांची. तिथे यंत्र शिल्पासारखं पाहिलं जातं आणि ते चालू होतं एवढं पुरतं. तिसरी म्हणजे रोज वापरायच्या यंत्राची, जे देखणंही हवं आणि कामाचंही. पहिल्या परंपरेला सेकंद पुरतात, दुसरीला सावकाश नजर. तिसरीसाठी मात्र तास लागतो, आणि नेमका तोच आपण देत नाही. हे पुस्तक या तिसरीबद्दल आहे.

कामगिरीपासून सुरुवात करू, कारण तिथे आकडे असतात आणि आकड्यांवर आपला विश्वास जरा लवकर बसतो. २०२० साली आलेला इंटेलचा कोअर आय ९-१०९०० के हा प्रोसेसर घ्या. कंपनीच्या मूळ मांडणीप्रमाणे तो दीर्घकाळ १२५ वॅट घेतो, पण जोर लावल्यावर सुमारे ५६ सेकंद २५० वॅटपर्यंत जायची त्याला मुभा असते. म्हणजे एका मिनिटाच्या आत संपणारी चाचणी त्याला फक्त पळताना पाहते, धापा टाकताना पाहत नाही. पाण्यावर थंड होणाऱ्या यंत्रांची गोष्ट आणखी फसवी आहे. एक लिटर पाणी एका अंशानं तापायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. आतल्या भागांनी ५०० वॅट उष्णता सोडली आणि रेडिएटरनं त्यातली जराही बाहेर टाकली नाही, तरीही पाणी आठ-साडेआठ सेकंदांना एक अंश या गतीनंच तापेल. पहिल्या मिनिटात सगळं कसं गारेगार! रेडिएटरला हवा मिळते की नाही, हे पंधरा-वीस मिनिटांनी कळतं. आमच्या पांढऱ्या यंत्रानं आम्हाला नेमकं इथेच गाठलं.

चाचण्या बनवणाऱ्यांच्याही हे ध्यानात आलं आहे. मॅक्सॉनची सिनेबेंच ही प्रोसेसरची लोकप्रिय चाचणी. २०२० मध्ये तिची आर २३ ही आवृत्ती आली तेव्हापासून ती एका फेरीवर न थांबता आपण होऊन दहा मिनिटं चालते. थ्रीडीमार्कच्या ताण-चाचणीत एकच दृश्य वीस वेळा चालतं आणि सगळ्यांत मंद फेरी सगळ्यांत वेगवान फेरीच्या किमान ९७ टक्के असली तरच यंत्र उत्तीर्ण होतं. ही कसोटी मला आवडते. सर्वोच्च आकडा किती, हे ती विचारतच नाही. दिलेला शब्द पाळलास का, एवढंच विचारते.

सरासरीचाही असाच हिशेब आहे. एका सेकंदात ६० चित्रं दिसली म्हणजे खेळ सुरळीत, असं आपण धरून चालतो. पण त्यातली ५९ चित्रं दर दहा मिलिसेकंदांनी आली आणि साठावं ४१० मिलिसेकंदांनी, तरी बेरीज एक सेकंदच होते. कागदावर ६०, डोळ्यांना ठसका. सप्टेंबर २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजायचा आग्रह धरला, आणि तिथून परीक्षणाची भाषा पालटली. आता सरासरीबरोबर सगळ्यांत मंद एक टक्का चित्रांचा वेगही सांगतात. स्पर्धेत या दोन आकड्यांमधलं अंतर पाहावं. ते जितकं कमी, तितकी भागांची निवड समंजस.

याखेरीज काही चुका इतक्या साध्या असतात की तरबेज मुलंही त्या करतात. ६००० चं म्हणून घेतलेलं डीडीआर ५ रॅम बायोसमध्ये प्रोफाइल चालू न केल्यानं ४८०० वर किंवा त्याच्या आसपास चालत राहतं. महागडं ग्राफिक्स कार्ड बसवून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो. लेखकानं अशा चुकांची एक यादी दिली आहे. ती पाठ केली तरी पुस्तकाचे पैसे वसूल होतील.

आकडाच खोटं बोलायला शिकला, तर काय करायचं? २००३ सालचं प्रकरण इथे सांगायला हवं. थ्रीडीमार्क ०३ या चाचणीत कॅमेरा एका ठरलेल्या वाटेनंच फिरत असे. चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्कनं मे महिन्यात एक तपासणी जाहीर केली: एनव्हिडियाचे ड्रायव्हर ही चाचणी ओळखत होते आणि त्या वाटेवरून दिसणार नाही असा देखाव्याचा भाग काढायचंच टाळत होते. खास आवृत्तीत कॅमेरा वाटेवरून जरा बाजूला नेला, की चित्र फाटलेलं दिसायचं. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढून शब्द मवाळ केले. पण धडा राहिला. गणेशोत्सवात मंडळाचा देखावा समोरून राजवाडा असतो आणि मागून बांबू, सुतळी नि गोणपाट. तिथे त्यात काही गैर नाही. देखाव्याचं आयुष्य दहा दिवसांचं आणि बघणारा समोरूनच येणार. रोज वापरायच्या यंत्राला मात्र ही सवलत नाही.

त्याला पैठणीचा नियम लावावा. जाणती बाई पैठणी घेताना पदर उलटून पाहते; हातमागावरची असेल तर नक्षी मागूनही तितकीच नेटकी दिसते. कॅबिनेटची उजवी बाजू उघडून मदरबोर्डच्या मागे कोंबलेल्या वायरी पाहायच्या, हा इथला पदर. समोर कंगव्यानं विंचरल्यासारख्या सरळ वायरी आणि मागे गुंताडा, असं दिसलं तर गुण कापायचे, आणि हे कापणं नुसतं टापटिपीसाठी नाही. उद्या एक ड्राइव्ह बदलायची झाली, तर तो गुंता सोडवताना दोन प्लग ओढले जाणार आहेत.

समोरच्या बाजूकडेही बघायची रीत आहे. कडक नळ्या हीटगननं गरम करून, आत सिलिकॉनची दोरी घालून वळवतात. दोरी नसेल तर वळणावर नळी चपटी होते. ताप जास्त झाला तर बुडबुडे उठतात. एकाच दिशेनं जाणाऱ्या दोन नळ्यांमधलं अंतर सुरुवातीला आणि शेवटी सारखं आहे का, वळणांची गोलाई सारखी आहे का, जड ग्राफिक्स कार्ड एका बाजूनं खाली झुकलं आहे का, हे पाहावं. रंग किती आणि ते तिथे का आहेत, हे विचारावं. उत्तर "चांगलं दिसतं म्हणून" असलं तरी चालेल, फक्त ते ठामपणे यायला हवं.

काही वेळा रूपाचा हट्ट थेट धोक्यात नेतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० हे कार्ड आलं आणि त्याला वीज देणारा नवा बारीक कनेक्टर काही यंत्रांत वितळल्याच्या बातम्या आल्या. तो पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक प्रमुख कारण ठरलं. पुढे त्याची रचनाही सुधारण्यात आली. कार्ड इतकं रुंद की बाजूची काच लावायची तर केबल कनेक्टरपाशीच दुमडावी लागायची. तेव्हा काच लागली आहे एवढ्यावर खूश होऊ नये. काच काढून प्लग शेवटपर्यंत बसला आहे का, हे परीक्षकानं वाकून पाहावं. वाकल्यानं परीक्षकाची पत कमी होत नाही.

तासानंही न कळणारे दोष असतात. पाण्याच्या एकाच वाटेवर तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला की विजेरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. दुधाळ रंगाच्या काही द्रवांतले कण ब्लॉकच्या बारीक खाचांत बसून वाट बुजवतात. जाळी धुण्यासाठी अख्खं कॅबिनेट सोलावं लागत असेल, तर ती कोणी धुणार नाही. हे दोष परीक्षणाच्या दिवशी दिसत नाहीत, पण विचारता येतात. "आत कोणते धातू आहेत?" "पाणी कधी बदलणार?" "जाळी काढून दाखव." तीन प्रश्न, दोन मिनिटं.

आणि खोली? स्पर्धा एसी सभागृहात होते, यंत्र राहतं घरी. सभागृहात २४ अंशांना ग्राफिक्स कार्ड ७० वर स्थिरावलं, म्हणजे ते हवेपेक्षा ४६ अंशांनी वर आहे. हे अंतर साधारण तसंच राहतं. तेच यंत्र मे महिन्यात नागपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत नेलं, तर ते ८४ च्या आसपास जाईल. वर ते स्वतः ६०० वॅट घेत असेल, तर खोलीत तेवढ्याच ताकदीचा हीटर लावल्यासारखं आहे. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणून लेखक म्हणतो, नुसतं तापमान लिहू नका, खोलीचं तापमान वजा करून लिहा. इतकी साधी वजाबाकी आम्ही त्या दिवशी केली नव्हती.

आवाजासाठी त्यानं काढलेली युक्ती मला विशेष भावली. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट मिळते, पण त्यासाठी वीज आठपट लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबल वाढतो. दहा डेसिबल वाढले तरी कानाला दुप्पट वाटतात. सभागृहाच्या गोंगाटात हे कळणार कसं? त्यासाठी शांत खोलीत यंत्र नेऊन परीक्षक आणि यंत्र यांच्यामध्ये अंतरपाट धरायचा. रूप दिसत नाही, कंपनीचं नाव दिसत नाही. अर्धा तास भार टाकायचा आणि नुसतं ऐकायचं. किंमत आणि चकाकी पाहून कान किती बहिरे होतात, हे मला या प्रयोगात पहिल्यांदा समजलं.

आता गुणांच्या बेरजेबद्दल. दोन्हींना शंभरपैकी गुण धरले, तर देखणेपणात ९० आणि कामगिरीत २० मिळालेलं यंत्र ११० वर जातं. ५० आणि ५५ मिळवणारं १०५ वर राहतं आणि हरतं. बेरीज एका बाजूचा उणेपणा दुसऱ्या बाजूनं बुजवू देते. लेखक गुणाकार सुचवतो: पहिल्याचे १,८००, दुसऱ्याचे २,७५०. निकाल फिरला. ज्या यंत्राला दोन्ही हवं, त्याला एकात शून्य मिळालं तर एकूण शून्यच व्हायला हवं, हा त्याचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. त्याची दुसरी सूचना आहे की परीक्षकांनी गुण एकमेकांशी बोलण्याआधी लिहावेत. आम्ही "एकमेकांकडे पाहिलं" ते इथे त्यानं माझं नाव न घेता काढलं आहे. टोमणा पोचला.

एका बाबतीत मात्र मी लेखकाशी सहमत नाही, आणि प्रस्तावनेत ते सांगितलं नाही तर तिचं नुसतं शिफारसपत्र होईल. रंगीत दिव्यांवर त्याचा राग आहे. सगळे आरजीबी दिवे बंद करूनच रूप पाहावं, असा नियम तो घालतो. यंत्र आधी अंधारलेलं पाहावं, हे ठीक. दिव्यांच्या झगमगाटात वाकडी नळी लपते. पण नंतर दिवे लावून पुन्हा पाहायला हवं. दिवाळीत आकाशकंदील विझवून घर बघा असं कोणी म्हणत नाही. दिव्यांना कामाला लावणारी मुलंही मी पाहिली आहेत. पाण्याचं तापमान चढलं की निळ्याचा नारिंगी होणारा दिवा हा दागिनाही आहे आणि मापकही. रूप आणि वेग एकाच मुळातून आले, असं जो लेखक दुसऱ्या प्रकरणात सांगतो, त्यानं सातव्यात दिव्यांना घराबाहेर काढू नये. पुढच्या आवृत्तीत तो ऐकेल, अशी आशा आहे. ऐकणार नाही, याची खात्री आहे.

पुस्तक परीक्षकांसाठी लिहिलेलं असलं तरी जुळवणाऱ्यांनीही ते वाचावं. स्पर्धेत उतरायचं नसेल तर शेवटची तीन प्रकरणं आधी वाचावीत, कारण ती आपल्या घरातल्या यंत्राचं आपणच परीक्षण कसं करायचं, याबद्दल आहेत. महाविद्यालयांच्या संयोजकांना माझी एक वेगळी विनंती: चौदा यंत्रं एका सकाळी तपासायला सांगू नका. सहाच बोलवा, पण प्रत्येकाला एक तास द्या. तो तास परीक्षकानं यंत्रासमोर टक लावून बसायचं असं नाही. भार टाकून ठेवावा, मुलांशी बोलावं, मागची बाजू उघडावी, चहा प्यावा आणि परत येऊन आकडा बघावा.

त्या पांढऱ्या यंत्राचा मुलगा समारंभानंतर काच उघडून बसला होता. मी जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, समोरची काच काढून जाळी लावली तर पांढरीच मिळेल का?" मला माहीत नव्हतं. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला माहीत होतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मीटरवर, आणि स्प्रेनं रंग बसतो, असं तिनं सांगितलं. मग ती स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या टेबलाशी आली आणि दोघं मोजमाप घेत बसले. आमचा निकाल देऊन झाला होता. परीक्षण तिथे, आमच्याशिवाय, नुकतं सुरू झालं होतं.